गच्चीवरचा निळा ड्रम

गच्चीची किल्ली हरवली, असं मी सांगितलं ते साफ खोटं होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

डेंग्यू-चिकनगुनियाची साथ होती. पालिकेची माणसं घरोघरी साठवलेलं पाणी तपासत होती. अळ्या दिसल्या की ड्रम उपडा करायला लावत. आमच्या गल्लीत नळ येतो आठ-दहा दिवसांनी. माझ्या ड्रमात तेवढे दिवस पुरवायचं पाणी होतं आणि झाकण म्हणून एक फुटकी फळी. आमच्याकडे पोर पडलं तर एक वेळ चालेल, बादली लवंडली की सगळं घर ओरडतं. म्हणून मी खोटं बोललो. शिवाय बोट दाखवलं ते शेजारच्या पंक्चरच्या दुकानाकडे. "त्या टायरांत बघा, सगळे डास तिथलेच."

टायर उचलून नेले. दुकानवाले भाई मला नुसते म्हणाले, "सर, सूखे टायर थे."

पुढं भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चिकनगुनिया झाला. त्या साड्यांना फॉल लावून देतात. ताप उतरला, पण बोटं मिटेनात. सुई धरता येईना. ते ऐकून मी गच्चीवर गेलो. ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या, आणि गच्चीला लागूनच भाभींची खिडकी.

वॉर्ड ऑफिसात जाऊन साहेबांना म्हणालो, "टायर परत द्या. अळ्या माझ्याकडं होत्या."

"आधी आपलं घर बघत जा," साहेब म्हणाले.

"बघितलं. आता तुम्ही नळ बघा."

त्यांच्या मागं भिंतीवर पोस्टर होतं : उघड्या ड्रमचं चित्र, त्यावर लाल फुली. दिल्ली असो, ढाका असो, कोलंबो असो, जिथं नळाचा भरवसा नाही तिथं घरोघरी ड्रम उभे राहतात आणि हा ताप शिरतो. निम्म्याअधिक आशियाला सांधेदुखी झाली, तरी पोस्टरवर ड्रमच. कोरड्या पाइपलाइनचं चित्र कुणी काढत नाही. पाणी साठवल्याची लाज मी बाळगणार नाही. आजही साठवतो, ड्रम घासून भरतो, तोंडाला दुहेरी कापड बांधतो. लाज वाटते ती उघडं ठेवल्याची आणि दुसऱ्यावर ढकलल्याची.

त्याच संध्याकाळी भाईंच्या घरी गेलो. भाभींनी दोन्ही हातांनी कप धरून चहा पुढं केला.

"देखो सर, कप बी दो हात से. साड्यांचा ढीग पडलाय. तुम लगाते क्या फॉल?" त्या हसल्या. भाई हसले नाहीत. "मच्छर किधर से आया, अल्ला जाने," भाभी म्हणाल्या.

"मलाही माहीत आहे, भाभी. माझ्या ड्रममधून आला. मी तो लपवला आणि नाव तुमच्या टायरांचं घेतलं. भाई, भाभी, माझं चुकलं. मला माफ करा."