मालगाडी आली की बोलायचं

मेश्राम बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तिगाव स्टेशनच्या फलाटावर उभ्या राहून एका मालगाडीवर ओरडत होत्या. निदान मला तरी तसंच वाटलं. पांढुर्ण्याहून आलेल्या पॅसेंजरमधून मी उतरले, गाडी पुढे निघून गेली, आणि फलाटाच्या पार टोकाला, कुंपणालगतच्या कडुनिंबाखाली एक किडकिडीत बाई दिसल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत काळी छत्री आणि शेजारी दोन पोरी. तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून कोळशाची मालगाडी धडधडत आली आणि या तिघी एकदम तोंड उघडून जिवाच्या आकांताने काहीतरी म्हणायला लागल्या. शब्द एक कळेना. नुसते हातवारे आणि ताणलेल्या गळ्याच्या शिरा. भांडण जुंपलं म्हणून मी लगबगीने तिकडे गेले. गाडी संपली, पोरी गप्प झाल्या, आणि बाई एकट्याच आपलं वाक्य शांतपणे पुरं करत होत्या, "...अँड आय लिव्ह इन तिगाव." मग पोरींवर छत्री रोखून म्हणाल्या, "डबे संपले का तुमची इंग्रजी बी संपते काऊन वो? अगेन!"

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. मी सध्या इंग्लंडातल्या एका लहानशा गावात राहते, तिथल्या इस्पितळात नोकरी करते. घरामागून रेल्वे जाते. मालगाडीचा आवाज आला की माझं तोंड आपोआप उघडतं. शेजारणीने एकदा काळजीने विचारलंही, तुला गाड्यांची भीती वाटते का म्हणून. तिला बाईंबद्दल सांगायला बसले तर चहा गार झाला, तरी बाई काही तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून म्हटलं, आपल्या माणसांना सांगून बघावं.

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. घर सौंसरजवळच्या खेड्यात, आईवडील कापूस-संत्र्यात गुंतलेले. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा लागते, आणि ती मी एकदा देऊन बसले होते. वाचणं, लिहिणं, ऐकणं सगळं निघालं. बोलण्यात गाडी अडली. परीक्षकाने साधं विचारलं, तुमच्या घराबद्दल सांगा, आणि माझ्या घशाला कुलूप लागलं. घर डोळ्यांसमोर दिसत होतं, दारातली गाय दिसत होती, आवाज निघेना. नोकरी देणाऱ्यांनी कळवलं होतं की आणखी एक संधी, त्यातही नाही जमलं तर जागा दुसऱ्या मुलीला. आमच्या भागाचं असं आहे की घरात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात आणि तहसिलीत हिंदी. इंग्रजीची पाळी येईपर्यंत जीभ दमून गेलेली असते.

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने बाईंचं नाव सुचवलं. बाईंनी सगळी नोकरी सौंसरकडच्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावर तिगावला वडिलांच्या घरी येऊन राहिल्या होत्या. त्या दिवशी फलाटावरच्या बाकावर त्यांनी माझी तपासणी केली.

"बोलता नाही येत?"

"येते बाई. पर समोर कोणी असलं का नाही येत."

"अन् एकटी असली का?"

"एकटी असली का फटाफट येते."

"मंग तुले इंग्रजीचा रोग नाही पोरी, लाजेचा हाय. त्याची दवा माह्यापाशी हाय. पर ते टाइमटेबलवर चालते." आणि त्यांनी रुळांकडे बोट केलं.

दवा अशी होती. मालगाडी आली की बोलायचं. पहिलं वाक्य सगळ्यांना एकच, आपलं नाव आणि आपलं गाव. मग आज दवाखान्यात काय केलं ते सगळं भूतकाळात, उद्या काय करणार ते भविष्यात. गाडीच्या धडधडीत स्वतःचा आवाज स्वतःलाही ऐकू येत नाही, त्यामुळे पोरगी कितीही लाजरी असो, तोंड उघडायची. "बोल बिनधास्त," बाई कानाशी येऊन ओरडायच्या, "कोणी आयकून नाही राह्यलं!" खरी गोम पुढे होती. शेवटचा, गार्डाचा डबा निघून गेला की फलाटावर एकदम शांतता होते, आणि त्या शांततेत आपलं अर्धं वाक्य उघडं पडतं. तिथेच सगळ्या पोरी गप्प व्हायच्या. बाईंचा सगळा जोर त्या एका जागेवर असायचा. गाडी गेली तरी वाक्य राहिलं पाहिजे. आधी एक शब्द, मग दोन, मग पुढचं सगळं. मला त्या जागेवर पोचायला पावसाळ्यापासून थेट हिवाळ्यात संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला येईपर्यंत वेळ लागला.

ही युक्ती त्यांना कुठे सापडली, ते त्यांनी एका दुपारी सांगितलं. त्यांचे वडील रुळांवर गँगमन होते. "मी शाळेत इंग्रजीचा धडा वाचाले उभी राह्यली का अख्खा वर्ग खीखी करे. आमच्या वस्तीतल्या पोरीनं इंग्रजी वाचावं, ह्याचंच लोकाईले हसू येत होतं. घरी वाचलं तं आजूबाजूचे डोकावत. मंग मी बाबाचा डबा घेऊन लायनीकडे जाऊ लागली. गाडी आली का वाचू. गाडी कोणाले हसत नाही पोरी. ते आपल्या कामानं जाते." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगून झालं आणि त्यांनी सिग्नल पडला का ते बघायला मान वळवली.

वाचनाचं साहित्य म्हणजे रद्दी. संत्र्याच्या पेट्यांत घालायला शहरातून जुनी वर्तमानपत्रं येतात. त्यांतली इंग्रजी पानं बाई पेटी भरणाऱ्या बायकांकडून आधी काढून आणायच्या. बातमी अर्धीच हाती लागायची, उरलेली कुठल्या पेटीत बसून कुठे गेली देव जाणे. "पुढं काय झालं असन?" बाई विचारायच्या, आणि आम्ही इंग्रजीतून पुढची बातमी रचायचो. एका मंत्र्याला मी सलग दोन आठवडे राजीनामा द्यायला लावला होता. नवा शब्द सापडला की तो त्याच दिवशी कुणावर तरी वापरायचा हा नियम. "ठेवला का आंबते, वरणावानी." मग मी दवाखान्यातल्या, कामाला कुरकुरणाऱ्या वॉर्डबॉयला रिलक्टंट म्हणायचे आणि तो खूश होऊन कॉलर ताठ करायचा.

बाई गोड होत्या असं मात्र कुणी समजू नये. चूक झाली की छत्रीचं टोक बाकावर आपटायच्या. शहरातल्या क्लासला जाऊन आलेली एक मुलगी नाकातून इंग्रजी बोलायला लागली तेव्हा तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर्दी झाली का वो तुले? आपल्या तोंडानं बोल." कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. फारच छान वाचलं तर "बरं हाय", आणि त्याला जोडूनच "अगेन". माझ्या आईने माझ्या परीक्षेसाठी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला, ते मी भीतभीतच सांगितलं, कारण बाई बुद्धविहारात जाणाऱ्या. त्या हसल्या. "बोलू दे ना मायले. मारुती तुले सेंटरपर्यंत सुखरूप पोचवीन. पर आतमंधी तोंड तुलेच उघडा लागन."

परीक्षा नागपूरला होती. तोंडीच्या खोलीत मी, परीक्षक बाई आणि मध्ये एक टेबल. हातात कार्ड आलं, तुमच्या गावच्या एखाद्या सणाबद्दल बोला. बाहेर बसलेल्या निम्म्या मुलींची दिवाळी पाठ होती, दिवे, फराळ आणि आनंदीआनंद. मेश्राम बाईंनी मला बजावलं होतं, "दिवाळी साऱ्यायचीच हाय. तू आपल्या गावचं सांगजो. जे डोयानं पाह्यलं ते सांगतानी जीभ अडत नाही." म्हणून मी पांढुर्ण्याची गोटमार सांगायला घेतली. पहिलं वाक्य बोलले आणि खोलीतली शांतता अंगावर आली. घशाचं ते जुनं कुलूप लागायला लागलं. मी मनात म्हटलं, काही नाही, गार्डाचा डबा गेला आहे, एवढंच. वाक्य पुरं कर.

आणि मी पुरं केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा असतो, दोन काठांवर दोन गावं उभी राहतात आणि एकमेकांवर दगड मारतात. मी त्या दिवशी कधी काठावर नसते, मी ड्रेसिंगच्या खोलीत असते. डोकं फुटलेला माणूस टाके घालून घेताना म्हणतो, सिस्टर, जरा लवकर, झेंडा तुटून जाईल. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. वेळ संपल्यावरही त्यांनी विचारलं, "पण याला तुम्ही सण म्हणता?" मी म्हटलं, "येस मॅडम. अँड नेक्स्ट इयर ऑल्सो." त्या हसल्या. त्यांचं हसणं मला अजिबात लागलं नाही, तेव्हाच मला कळलं की मी बरी झाले.

निकालाच्या दिवशी बाईंना फोन केला. त्या फलाटावरच होत्या. "बाई, पास!" पलीकडून हुकूम आला, "पुरं वाक्य." मी पुरं वाक्य म्हटलं. "बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि नेहमीचा 'अगेन' आलाच नाही. बाई रडत होत्या. त्या वेळी स्टेशनात गाडी नव्हती, म्हणून मला ते ऐकू आलं.

इकडे आल्यावर त्या मला फोनवर आवाजाचे निरोप पाठवायच्या. मागे गाडीची धडधड, मध्ये मध्ये पोरींचा आरडाओरडा आणि एखादा नवा शब्द, आजच्या आज वापर म्हणून. मग ते निरोप थांबले. बाईंना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि वाचेवर परिणाम झाला. त्यांची भाची रंजना त्यांच्याजवळ राहायला आली होती, ती फोनवर म्हणाली, "मावशी बोलूनच नाही राह्यली ताई. डॉक्टर म्हणते का रोज बोला, बोललं तं वाचा येईन. पर ती तोंडच उघडत नाही." मी नर्स आहे, यातलं पुढचं मला कुणी सांगायला नको होतं. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्यात जीभ हलली नाही, तर मग ती हलवणं फार अवघड होऊन बसतं. मी मिळेल तेवढी सुट्टी घेतली आणि आले.

बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून होत्या. साडी रंजनाने नेसवलेली, इस्त्रीची नव्हती. माझ्याकडे वळल्या तेव्हा डाव्या हाताने पदर तोंडावर धरलेला. भेटायला येणारे त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठमोठ्याने बोलत होते, आणि त्यांच्या वतीने उत्तरंही स्वतःच देत होते. बाईंनी सुरुवातीला एकदा चहा मागायचा प्रयत्न केला, शब्द वाकडा निघाला आणि खोलीतलं कुणीतरी गालातल्या गालात हसलं. त्या दिवसापासून तोंड बंद, असं रंजनाने सांगितलं. मला बाईंना हसणारा शाळेतला तो वर्ग आठवला. ज्या बाईने आमच्या अख्ख्या भागातल्या पोरींची लाज घालवली, तिलाच म्हातारपणी त्याच लाजेने गाठलं होतं.

मी रंजनाला ऑटो आणायला सांगितला. बाईंना कळलं कुठे नेतोय ते. त्यांनी जोरजोराने मान हलवली, डोळे वटारले. पण आता उचलून नेणं माझ्या हातात होतं, आणि पेशंट उचलण्यात माझी हयात गेली आहे. कडुनिंबाखाली खुर्ची ठेवली. सवयीने रंजनाने छत्रीही आणली होती, ती मांडीवर ठेवली. सिग्नल पडला. लांबून इंजिन दिसलं, रूळ थरथरायला लागले, आणि मी बाईंच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, बोला बिनधास्त. कोणी आयकून नाही राह्यलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. मालगाडी फलाटासमोर आली, मी माझं वाक्य ओरडायला सुरुवात केली, नाव, गाव, आणि ओरडता ओरडता पाहिलं तर तोंडावरचा पदर खाली आला होता. ओठ हलत होते. एका बाजूला ओढले जात होते, लाळ सांडत होती, पण हलत होते. गळ्याची शीर तशीच ताणली होती, पहिल्या दिवशी पाहिलेली. मला रडू आवरेना आणि वाक्यही सोडवेना. डबे जात राहिले. मग गार्डाचा डबा गेला, फलाट शांत झाला, आणि मी त्यांचा आवाज ऐकण्यासाठी थबकून गप्प झाले.

बाई गप्प झाल्या नाहीत. त्या शांततेत त्यांचा आवाज आला, जाड, बोबडा, एकेक शब्द ओढत आणलेला, "...लिव्ह... इन... तिगा..." पलीकडच्या बाकावर बसलेल्या दोघांनी वळून पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर उचलला नाही, आणि उरलेलं अक्षर पुरं केलं.

मग त्यांनी डाव्या हाताने मांडीवरची छत्री कशीबशी उचलली आणि मी मध्येच थांबले म्हणून माझ्यावर रोखली.

"अ... गेन," बाई म्हणाल्या.