रंग एकच करा

नागपूरहून भूगोलाची पदवी घेऊन आलेली पद्मिनी खोब्रागडे अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका प्रकाशन कंपनीत शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढायची. कामात काटेकोर, बोलण्यात फटकळ. चूक दाखवली की ती मान्य करायची, पण उगीच कोणी ढवळाढवळ केलेली तिला खपत नसे.

सातवीच्या पुस्तकात इस्लामच्या प्रसाराचा नकाशा होता. जिथे फौजा गेल्या तिथे, स्पेनपासून सिंधपर्यंत आणि पुढे बिहार-बंगालपर्यंत, तिने गडद तपकिरी रंग भरला. व्यापारी ज्या समुद्रावरून गेले तिथे तुटक निळ्या रेषा ओढल्या: एडनहून चौल, कालिकत आणि पार मलाक्का.

पुस्तक छापण्याआधी पालकांना दाखवलं, आणि त्या बैठकीत भडका उडाला.

पहिला उठला तो जवळच्याच नेपरव्हिल गावचा राकेश पानवलकर. दर दिवाळीला पद्मिनी त्याच्या घरी फराळाला जायची.

"या निळ्या रेषा म्हणजे सरळ सरळ खोटेपणा आहे," तो म्हणाला. "सगळं तलवारीनं झालं. रंग एकच करा."

लगेच यासिर नावाचा एक तरुण वकील उभा राहिला. "हा तपकिरी रंग बघून आमच्या मुलांना वर्गात अतिरेकी म्हणतील. तो आधी काढा."

पद्मिनीचं डोकं फिरलं. "दोघांनाही एकेकच रंग हवाय. मग नकाशा कशाला? भिंत रंगवा."

कोणी हसलं नाही. बैठक संपल्यावर राकेशने तिला दाराशी गाठलं.

"पद्मिनीताई, नालंदा कोणी जाळलं? तुम्हा लोकांना तरी याची चीड यायला हवी!"

'तुम्हा लोकांना' हे शब्द तिला झोंबले.

"बिहार तपकिरीच आहे, राकेशदादा, नीट बघा. विहार जळाले ते मी लपवलेलं नाही. पण चौलला अरब व्यापारी येऊन राहिले तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं. तिथे मशिदी उभ्या राहिल्या त्या त्यांच्याच राज्यात. ते तुमच्यासाठी खोडू? आणि बुद्ध तुम्हाला असल्या भांडणातच बरा आठवतो! आमच्या विहारात बोलावलं तेव्हा एकदा तरी आलात?"

"विषय बदलू नका."

"विषय तुम्ही काढलात."

राकेश रागाने लाल होऊन निघून गेला. यासिर जवळच उभा होता. त्याने तिच्याकडे न बघता कोट चढवला आणि तोही गेला.

आठवडाभर कंपनीत तक्रारींचा पाऊस पडला. तिची बॉस नीना इथेच जन्मलेली. मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. तिने पद्मिनीला केबिनमध्ये बोलावलं. सबंध प्रदेशाला एकच फिकट हिरवा रंग द्यायचा, रेषा नाहीत, सनावळी नाही, असं वर ठरलं होतं.

"यानं कुणाचंच समाधान होणार नाही," पद्मिनी म्हणाली.

"कुणी ओरडणारही नाही," नीना म्हणाली.

"मग माझं नाव काढा."

नीनाने लगेच तशी नोंद केली. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात पद्मिनीचं नाव नव्हतं. ज्या कामाचा तिला अभिमान होता, त्याचीच तिला आता किळस आली होती.

दिवाळीच्या आधी राकेशच्या बायकोचा, सीमाचा फोन आला. "अगं, झालं गेलं सोड यार. ये ना फराळाला."

"राकेशदादा माफी मागणार आहेत?"

"आता तो विषय कशाला?"

"मग नाही येणार," पद्मिनी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.