आपण जिंकलो

अगं ये, अशी जवळ बस. जुन्या लढाईत कोण जिंकलं यावरून मैत्रिणीशी अबोला धरलास म्हणे? मोठी शहाणीच की तू! जरा ऐक.

पासष्टच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी जळगावच्या आमच्या गल्लीत शेजारच्या पिंजाऱ्याची बहीण माहेरी आली होती. जन्म इथलाच, सासर कराचीचं. माझ्या अंगणात आम्ही दोघी वाळवणाच्या ज्वारीच्या बिबड्या थापत होतो, तेव्हा लढाईचा विषय निघाला. ती सहज म्हणाली, "आपण जिंकलो ना!" मी म्हटलं, "चल गं, जिंकलो आपण!" तिचं 'आपण' म्हणजे पाकिस्तान, माझं म्हणजे भारत. ती हटेना, मीही हटेना.

तासाभरात बठ्ठ्या गल्लीत, घरोघरी ते पसरलं. समोरचे आबा येऊन गरजले, "उद्यापासून ही बाई इथं दिसायला नको!"

मी पिठाच्या हातानंच उठले. म्हटलं, "आबा, ती 'आम्ही' नाही म्हणाली, 'आपण' म्हणाली. ती कराचीत राहते, तरी तिच्या जिंकण्यात मी आहे. माझ्या अंगणातून तिला उठवणारे तुम्ही कोण?"

"मग जिंकलं कोण?"

"ते भांडण आम्ही बिबड्या वाळेपर्यंत मिटवू. नाही मिटलं तर ती पुन्हा येईल."

दुसऱ्या दिवशी तिचा पाट मी मुद्दाम आबांच्या दारासमोर मांडला.

आजही मी म्हणते, जिंकलो आपणच. तीही तिकडे तेच म्हणत असेल, म्हणू दे! तू मात्र त्या मैत्रिणीला घेऊन लवकर ये. भरीत करते. भांडायचं तर माझ्या अंगणात बसून भांडा.