खडी वाजते तोवर

आमच्या सोसायटीतल्या तरुण मुलांचा असा समज आहे की मी आणि आमचे हे 'ग्रॅव्हल'वाले आहोत. म्हणजे जाड टायरच्या सायकली घेऊन, चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडी-मुरमावरून डोंगरात हिंडणारे. हल्ली त्याची फॅशन आहे म्हणे. मागे एक जण लिफ्टमध्ये म्हणाला, "काकू, तुम्ही दोघं भारी आहात. या वयात ऑफ-रोड!" मी हसून वेळ मारून नेली. पन्नाशी उलटलेली, सहा दिवस ऑफिस करून कंबर धरलेली बाई रविवारी हौसेने दगडगोट्यांवर आदळायला जाते असं ज्याला वाटतं, त्याला काय समजावणार?

खरी गोष्ट अशी की यांच्या डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं हळूहळू निकामी होतोय. डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, कडेकडून अंधार येत जाईल, मधोमध थोडं दिसत राहील, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. हे वालीवच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचे. ते काम सुटलं. मग स्कूटर सुटली. मग पेपर, मग एकट्याने रस्ता ओलांडणं. सायकल तेवढी यांनी धरून ठेवली. "ती सुटली की मी घरात बसलो, आणि बसलो की संपलो," असं एकदा भाजी निवडता निवडता म्हणाले. पुन्हा तो विषय काढला नाही. मला एकदाच पुरला.

आमच्या गोखिवऱ्याच्या गर्दीत अशा माणसाला सायकलवर बसवणं म्हणजे त्याला रिक्षांच्या तोंडी देणं. पारोळच्या बाजूला, तुंगारेश्वरच्या डोंगरामागे खाणींकडे आणि पाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत. तिथे गाडी क्वचित येते. एकदा सहज गेलो तेव्हा यांच्याच लक्षात आलं की खडीवर पुढच्या सायकलचं चाक करकर वाजतं. डांबरावर कळत नाही ती कुठे आहे, खडीवर बरोबर कळतं. डावीकडे वळली की आवाज डावीकडे जातो, चढ लागला की तो मंद आणि जड होतो. मी पुढे, हे मागे. डोळ्यांत उरलेल्या उजेडाला माझी लाल ओढणी आणि कानाला माझं चाक. यांचा चेहरा त्या दिवशी इतका खुलला की मी मुकाट्याने होकार दिला. सायकली तिथल्याच एका पंक्चरवाल्याकडे ठेवायच्या आणि रविवारी पहाटेच्या एसटीने जायचं असं ठरलं.

नुसतं चाक पुरत नसे. मला बोलावं लागे. "डावीकडे खड्डा. आता उतार, ब्रेक. समोर म्हैस, थांबा. गेली. चला." हे सगळं वेळेवर, मोठ्याने, मान न वळवता. शिवाय मधल्या सपाट भागात गप्प राहिलं की यांना चुकल्यासारखं व्हायचं, म्हणून मी काहीबाही बोलत राही. ऑफिसमधली भांडणं झाली, नणंदेच्या जुन्या कुरापती झाल्या, मग विषय संपले तेव्हा दिसेल ते सांगू लागले. पळस फुललाय. विटांची भट्टी लावलीय. तिकडे कोणीतरी साग तोडलाय, मेल्यांनी.

मी थकले होते. स्पष्टच लिहिते. आठवडाभर ऑफिसात जिभेला विसावा नाही आणि रविवारी डोंगरात बोलत सुटायचं. घरी आल्यावर हे ताजेतवाने, आणि मी पोळ्या लाटताना भिंतीला टेकून उभी. हे एकदा आपण होऊन म्हणतील की आता बस करू, याची मी वाट पाहत होते. आपण म्हणायची माझी हिंमत नव्हती. "संपलो" हा शब्द मध्ये येऊन उभा राहायचा.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही थांबलो आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरातल्या एका रविवारी पुन्हा निघालो. माझा घसा बसला होता. आवाज फुटतच नव्हता. मनात म्हटलं, बरं झालं, आज तरी सुटका. पण हे पहाटेच तयार होऊन बसलेले. "तू बोलू नकोस," म्हणाले. "रस्ता ओळखीचा आहे, खडी वाजते, आणि ओढणी दिसते की मला. काय लागतं आणखी?"

निघालो. पाऊस धुऊन गेल्यामुळे खडी चांगली मोकळी झाली होती, चाकाखाली खणखणीत वाजत होती. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात आणि वर हिरवा डोंगर. मला बोलायचं नसल्यामुळे किती तरी दिवसांनी मी तो नुसता पाहिला. मागून यांच्या चाकाचा आवाज येत होता, अंतर ठेवून, नेमका. चढ संपला, उतार लागला. उताराच्या तळाशी एक पाडा आहे. मी वळण घेतलं आणि माझ्या चाकाचा आवाज एकदम बंद झाला.

रस्ता काँक्रीटचा झाला होता. आम्ही नव्हतो तेवढ्यात केव्हातरी केला असणार. गुळगुळीत, पांढरा, स्वच्छ. आणि स्वच्छ जागा मिळाल्यावर पाड्यातल्या लोकांनी केलं ते अगदी शहाणपणाचं होतं. लवकर तयार होणारं हळवं भात झोडून अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलं होतं, कडेने दगड मांडून. मी उरलेल्या अर्ध्यातून निघाले. वाटलं, हे ओढणीच्या मागे येतील. तरी वळून ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली.

हे सरळ आले. पुढचं चाक दगडाला अडलं आणि हे सायकलवरून भातात आडवे पडले.

झोपडीच्या ओट्यावरून एक बाई धावत आली. हातात कोंबड्या हाकायची काठी. "ओ भाऊ! भातात कुठं शिरता? डोले फुटले काय तुमचे?"

हे उठून बसले. कोपर सोलवटलं होतं, केसांत भात. आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "फुटलेच आहेत, बाई. मला दिसत नाही."

मी पोचले होते. सवयीने, त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "थोडं दिसतं यांना."

"नाही," हे म्हणाले. तोंड अजून त्या बाईकडेच होतं. "काहीच नाही दिसत. होळीपासून नाही."

बाईने काठी खाली टेकली. "आता गो बाय!" म्हणाली. मग हाताला धरून यांना ओट्याकडे नेऊ लागली. "बसा इथं. पानी देते."

मी खाली बसून रस्त्यावर उडालेलं भात हातांनी ओढत राहिले. होळीपासून. म्हणजे मार्च, एप्रिल, मे, सगळे रविवार हा माणूस नुसत्या आवाजामागे सायकल हाकत होता. उतारावरसुद्धा. पळस काय फुललाय, असं यांनी घरी येऊन शेजाऱ्यांना सांगितलं होतं, ते मी सांगितलेलं होतं. घरात वस्तू जिथल्या तिथे ठेवण्यावरून यांची रोज किरकिर चालायची. मी ती रिकामपणाची खोड समजत होते. मला राग आला. इतका आला की हे समोर असते तर मी नको ते बोलून गेले असते. आणि रागाच्या मागोमाग भीती आली, की उतारावर एखाद्या वेळी मी बोलायची थांबले असते तर?

बाई सूप घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून भात भरू लागली. हळूच म्हणाली, "तुला म्हायती नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले. अनोळखी बाईसमोर आणखी काय म्हणणार.

तिने आमच्याशी काही भांडण केलं नाही. कोपराला हळद लावून दिली. परत निघालो ते सायकली हातात धरून, पायी. काँक्रीट संपलं, खडी सुरू झाली, पण कोणीच सायकलवर बसलं नाही. चढावर हे थांबले. म्हणाले, "सांगितलं असतं तर तू नेलं नसतंस."

"नसतंच नेलं," मी म्हणाले.

"दमलीस ना?"

मी घशाकडे बोट दाखवलं. मग लक्षात आलं की ते यांना दिसत नाही. एसटीत हे खिडकीशी बसले, मी शेजारी. सगळा रस्ता यांचा हात माझ्या मनगटावर होता.

त्या आठवड्यात आमच्यात यावर एक अक्षर झालं नाही. माझा घसा सुटला, ऑफिस सुरू झालं. मी खुर्च्या जागच्या जागी ठेवू लागले, चपला भिंतीशी लावू लागले. यांनी ते ओळखलं असणार. रात्री जेवताना यांनी नुसतं ताटाच्या कडेवरून बोट फिरवून वाटी शोधली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

पुढचा रविवार आला. गजर लावला नव्हता, पण नेहमीच्या वेळेला जाग आली. हे जागे आहेत हे श्वासावरून कळत होतं. मी छताकडे पाहत पडून राहिले. उठावं तर पुन्हा तो उतार, पुन्हा माझा एकटीचा आवाज आणि त्याच्या भरवशावर हा माणूस. न उठावं तर आजपासून हे घरात बसले. 'आता बस' हे सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

"अगं," हे म्हणाले. "बाहेर पाऊस आहे का?"

परतीचा पाऊस तेव्हा अधूनमधून येत होता खरा. पण आमच्या खिडकीवर पत्रा आहे. एक थेंब पडला तरी तो वाजतो आणि घरभर ऐकू येतो. त्या पहाटे पत्रा अगदी गप्प होता.

"हो," मी म्हणाले. "चांगलाच आहे."

यांनी चाचपत माझी चादर शोधली आणि माझ्या खांद्यावर ओढली.

"मग राहू दे," म्हणाले. "झोप तू."