वळूचं दूध

मुलीच्या लग्नात मुलीची बाजू पडती करून सांगणारा बाप आख्ख्या मराठवाड्यात एकच झाला आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. हिंगोलीजवळच्या गोरेगावात ढोरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. गाईची शिंगं बघून तिची आजी कुठल्या गावची ते सांगायचे आणि माणसांनाही त्याच नजरेनं बघायचे. कुणी नुसता पत्ता विचारला तरी आधी "आई कशानं गेली?" हे विचारून घ्यायचे. ते येताना दिसले की ओट्यावरची माणसं उठून शेताकडे जात.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही मुलगी बघायला गेलो. जय भीम झालं, पोहे आले, आणि पहिला घास तोंडात असतानाच ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणे, एक सांगून ठेवतो. माझी आई छातीच्या गाठीनं गेली. बहीण बी त्याच्यानंच गेली, भर तारुण्यात. पोरीला होईलच असं न्हाई, पण होऊ शकते."

आत सासूबाईंनी भांडं आपटलं. वडील चाचरत म्हणाले, "पण तुमच्या घराण्याचं पोरीत कसं येईल? पोरगी आईवर जाते."

"वळू दूध देतो का?"

"न्हाई."

"मग वळू घेताना त्याच्या आईचं दूध काहून विचारता? सोता देत न्हाई, पण लेकीत उतरवतो. बराबर?"

वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आधीची चार स्थळं इथूनच उठून गेली होती. मी उठलो नाही. हिमतीचं श्रेय घेत नाही. दाराआड मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती, तेवढं दिसलं होतं.

लग्नानंतर ते दर दोन महिन्यांनी एस.टी.नं हिंगोलीला यायचे आणि भर अंगणात लेकीला विचारायचे, "छातीवर हात फिरवून पाहिलं का?" शेजारणी घरात पळायच्या. बायको चिडायची, "बाबा, मी काय म्हैस हाय?"

"म्हैस असतीस तर इचारावं लागलं नसतं," ते शांतपणे म्हणत.

चार-पाच वर्षांनी एका सकाळी न्हाताना तिच्या हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी. गावातले एक डॉक्टर म्हणाले, या वयात काही नसतं, थोडं थांबून बघू. सासरे थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना घेऊन औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तपासणीत कॅन्सरच निघाला. ऑपरेशन करून एका बाजूची छाती काढावी लागली. "वेळेत आणलंत," सर्जन म्हणाले.

ती शुद्धीवर आली तेव्हा सासरे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून रडत होते. "माझ्याकडून आलं, पोरी. माफ कर."

"नाक बी तुमचंच आलंय," ती बारीक आवाजात म्हणाली. "त्याची कधी माफी मागितली न्हाई."

ते रडता रडता हसायला लागले आणि नर्सनं बाहेर काढेपर्यंत हसतच राहिले.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बायकोनं साठी ओलांडली तेव्हा मुलांनी केक आणला. ती आपला तुकडा बशीत घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "बाबा असायला पायजे होते."