नैतिक विजयांचे मॅनेजर

खोटं बोलायला माणसाला काहीतरी कारण लागतं, असा माझा समज होता. तात्या भेटले आणि तो समज गेला. तात्यांना कारण लागत नसे. घरून वांग्याची भाजी खाऊन आले तर मटण सांगत, आणि मटण खाऊन आले तर उपास आहे म्हणत. प्रत्येक थापेच्या आधी ‘खरं सांगतो’ हे दोन शब्द ठरलेले. ते कानावर पडले की आम्ही खेळाडू बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायचो, म्हणजे हसताना दिसायला नको.

हे तात्या आमच्या संघाचे मॅनेजर होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी पगारी बेसबॉलची एक लीग निघाली होती. ती कोणाला आठवत नसेल तर त्यात नवल नाही. शिर्डीत दोन लॉज आणि राहुरीजवळ एक शाळा असलेल्या एका शेठना कोणीतरी पटवलं, की क्रिकेटचा संघ घ्यायला आता उशीर झाला, पण बेसबॉल अजून स्वस्तात मिळतोय. शेठनी संघ घेतला, त्याला ‘रणगाडे’ असं नाव दिलं, आणि कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली, नाहीतर टेनिस बॉलवर षटकार मारणारी आम्ही वीस पोरं गोळा केली. पगार घेऊन बेसबॉल खेळणारी आमच्या भागातली आम्ही पहिली आणि शेवटची माणसं. शिवाय शेठनी शब्द दिला होता, की संघातल्या एका चांगल्या खेळाडूला त्यांच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची कायमची नोकरी. माझा डोळा पहिल्या दिवसापासून त्या नोकरीवर होता.

तात्यांना मॅनेजर का केलं, तर त्यांचा आवाज मोठा होता. दुसरी लायकी मला तरी कधी दिसली नाही. ते तिसगावचे. आसपासच्या जत्रांत कुस्त्यांच्या हगाम्याला माईकवर बोलायचं हा त्यांचा धंदा. पाच मिनिटांत चीतपट झालेल्या पैलवानाचं वर्णन अर्धा तास करायचं, एवढं त्यांना येत होतं. बेसबॉल त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, “खरं सांगतो, ह्यो खेळ आपलाच हाय. आपला विटी-दांडू गोऱ्यांनी न्हेला, विटीचा चेंडू क्येला आन आपल्यालाच परत इकला.” मग डाव्या हाताचा ग्लोव्ह उजव्या हातात घालून झेल कसा घ्यायचा ते दाखवायला गेले आणि चेंडू नाकावर घेतला.

बेसबॉलमध्ये मॅनेजर बाहेरून खुणा करतो. टोपीला हात लावला की पळ, कानाला लावला की थांब, असं काहीतरी ठरलेलं असतं. तात्यांनी पुस्तकातल्या चार खुणा नापसंत करून स्वतःच्या सोळा तयार केल्या आणि त्यातल्या बारा आठवड्याभरात विसरले. उरलेल्या चारांचं काय करायचं? त्यात कानाला हात लावला की पळ, अशी एक होती. आमचं मैदान कारखान्याला येणाऱ्या उसाच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत होतं. संध्याकाळी तिथे चिलटांचा थवा उठायचा. तात्या चिलट मारायला कानावर चापट मारायचे आणि बेसवर, म्हणजे धावेतल्या टप्प्यावर, थांबलेला आमचा माणूस पळत सुटायचा. असे किती गडी आम्ही फुकट घालवले! विचारलं तर म्हणायचे, “म्या खून क्येलीच न्हाई. पर ज्यो पळला त्येची डेरिंग बघा की.”

प्रेक्षकांच्या बाबतीत तर त्यांनी हद्द केली होती. आमचे सामने बघायला कोण येणार? उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर टपावर बसून बघायचे, बस्स. तात्यांनी मग बाजाराच्या दिवशी सामने ठेवायला सुरुवात केली आणि मैदानाच्या कडेने भाजीच्या पिशव्या घेऊन जाणारी सगळी माणसं आपल्या खात्यात धरली. शेठना फोनवर सांगायचे, “पाय ठिवाय जागा न्हाई.” शेठ खूश होऊन आम्हाला लॉजवर एक वेळचं गोड जेवण पाठवायचे. गुरुवारी दर्शनाला गर्दी वाढली की त्याच लॉजमधल्या आमच्या खोल्या भक्तांना द्यायचे आणि आमच्या गाद्या गच्चीवर टाकायचे. तात्यांनी त्यालाही नाव दिलं होतं: ‘उंचावरचं शिबिर’.

त्यांची एकच गोष्ट थोडी कामाची होती, आणि तीही त्यांच्या आवाजामुळे. आम्ही सगळे मूळचे क्रिकेटवाले. चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायचं, ही हाडात बसलेली सवय. बेसबॉलमध्ये मारलं की बॅट तिथेच टाकायची आणि मोकळ्या हाताने पळायचं. धाव पुरी होते ती पायाने नाहीतर हाताने. बॅट टेकवण्याला तिथे काडीची किंमत नाही. दोन वर्षं, रोज सकाळी, तात्या होम प्लेटच्या मागे उभं राहून एकच ओरडायचे, “बॅट टाक! आरं, टाक ती बॅट!” होम प्लेट म्हणजे जिथून मारायचं आणि जिथे परत यायचं ती जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पाटी. तिच्या मागे तात्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला असायचा. शेवटी शेवटी जेवताना वाटी उचलली तरी आम्ही एकमेकांना ‘टाक ती वाटी’ म्हणायचो. त्यांच्या या मेहनतीचं आम्हाला कधी कौतुक वाटलं नाही. गाढव मेहनत असंच म्हणायचो.

दुसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. शेठ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “पहिल्या चौघांत आलो तर तिसरं वर्ष. न्हाई तर आजच टाळं.” आम्हाला बरोबरीही चालणार होती. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, दोन गडी बाद होते, तिसरा गेला की डाव संपणार होता, आणि मारायला मी होतो. मी चेंडू उसाच्या गाड्यांपर्यंत मारला. खोटं सांगत नाही, इतका सरळ फटका मी आधी मारला नव्हता आणि नंतरही नाही. पहिला बेस, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावरून वळलो तेव्हा चेंडू परत येताना दिसला. मी जीव खाऊन पळालो आणि शेवटच्या सहा फुटांवर अंग झोकून दिलं. पाटीला टेकलं ते बॅटचं टोक. दोन वर्षं रोज टाकलेली बॅट त्या दिवशी माझ्या हातातच राहिली होती, आणि चारही बेस फिरून झाले तरी मला ते कळलं नव्हतं. समोरच्या संघाच्या कॅचरने, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाने, सावकाश वाकून माझ्या पाठीवर चेंडू ठेवला. क्रिकेटमध्ये ती धाव शंभर टक्के होती. इथे मी बाद, सामना गेला आणि संघही गेला.

शेठ खुर्ची लाथाडून आत आले. मी मातीत पालथा पडून होतो. “कोन म्हनलं ह्या गाढवाला बॅट टेकव म्हनून?” त्यांनी विचारलं. त्यांना प्रश्न मलाच विचारायचा होता. मी काही बोलायच्या आधी मागून आवाज आला, “म्या म्हनलो. खरं सांगतो शेठ, म्याच वरडलो, टेकव म्हनून. पोरानं माझं ऐकलं.” मी पाटीकडे झेपावलो तेव्हा तात्यांनी तोंडातून एक अक्षरही काढलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कान खाजवला आणि नजर दुसरीकडे वळवली.

शेठनी त्यांना सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, गाडीतून त्यांची पिशवी बाहेर काढून ठेवली आणि जायला सांगितलं. ते पिशवी काखेत मारून एस.टी. स्टँडकडे चालत गेले. त्यानंतर हगाम्याचा माईकही त्यांना कोणी दिला नाही. ज्याला बॅट टाक आणि टेकव यातला फरक कळत नाही त्याला कुस्तीतलं काय कळणार, असं लोक म्हणू लागले. जूनमध्ये मला शाळेत नोकरी लागली. शेठ म्हणाले, “पोरगं सांगितलेलं ऐकतं. मास्तर म्हनून चांगलंय.”

या उपकाराबद्दल मी तात्यांना काय दिलं ते सांगतो. तिसगावच्या बाजारात लोक त्यांना ‘काय तात्या, टेकवली का बॅट?’ असं विचारू लागले, ते मला कळलं तेव्हा मी हसलो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तात्यांची नक्कल करू लागलो. त्यांचा आवाज काढून ‘टेकव, टेकव’ असं ओरडलो की मुलं आणि शिक्षक पोट धरून हसायचे. दोन-तीन वर्षांत मला स्वतःलाच वाटायला लागलं, की ते खरंच ओरडले असावेत. नक्कल इतकी बेमालूम जमली होती.

मग तात्यांनी संघाचा इतिहास लिहिला. पाथर्डीच्या एका छापखान्यातून अठ्ठेचाळीस पानी पुस्तक काढलं, त्यातली वीस पानं बी-बियाण्यांच्या आणि मंडपवाल्यांच्या जाहिरातींची. उरलेल्या अठ्ठावीस पानांत एक ओळ खरी सापडेल तर शपथ. हरलेल्या प्रत्येक सामन्यापुढे ‘नैतिक विजय’ असं छापलं होतं. जिथे टपावर चार ड्रायव्हर होते तिथे ‘जनसागर’ होता. परदेशातून आम्हाला बोलावणी आली होती म्हणे. आमच्या गच्चीवरच्या गाद्यांची ‘खडतर साधना’ झाली होती. आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘मॅनेजरने चुकीची आज्ञा दिली. खेळाडूचा काही दोष नाही. संघ बुडाला तो मॅनेजरमुळे.’ लोकांनी बाकीचं सगळं हसण्यावारी नेलं आणि हे तेवढं पाठ केलं. मला ते पुस्तक टपालाने आलं. मी लाल पेन घेऊन त्यातल्या चुका काढायला बसलो आणि सत्तावीस पानं लाल करून थांबलो.

तात्या पुस्तकांची पिशवी घेऊन वर्षातून एकदा आमच्या शाळेत यायचे आणि मुलांपुढे संघाचा इतिहास सांगायचे. त्यांची ओळख मला करून द्यावी लागायची, तीही मी टोमणे मारून करायचो. गेल्या वर्षी आले तेव्हा थकले होते. कार्यक्रम झाल्यावर मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. ते तिथे थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“दुसरी आवृत्ती काढतोय,” ते म्हणाले. “शेवटचं पान तसंच ठिवायचं, का बदलायचं? तुमीच सांगा सर.”

मला ते पूर्वी नावाने आणि अरेतुरे करून हाक मारायचे. ‘सर’ म्हणाले ते मला टोचलं. मी घड्याळात बघितलं. “राहू द्या तसंच, तात्या. मुलांना आता तेच पाठ आहे.”

“बरं हाय,” ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

यंदा थंडीत तात्या गेले. तिसगावला मारुतीच्या देवळासमोर शोकसभा होती. आमचे जुने पाच-सहा खेळाडू आले होते. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आता कांद्याचा व्यापारी झालाय. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, “तात्या, वर तरी बॅट टेकव म्हनू नका.” शोकसभा असून लोक हसले. प्रेमानेच हसले. पुढे बसलेल्या तात्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनीही, पदर तोंडाला लावला. ते बघून मी उठलो, माईक घेतला आणि सगळं सांगितलं. तात्या ओरडले नव्हते, ते दोन वर्षं उलटंच ओरडत होते, बॅट मी माझ्या अकलेने टेकवली, आणि मला नोकरी मिळावी म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं.

मग सरपंच उठले आणि त्यांनी माझ्या हातातून हळूच माईक घेतला. “सरांचं मन मोठं हाय,” ते म्हणाले. “गेलेल्या मानसाची चूक सोतावर घेत्यात. पर तात्यांनीच पुस्तकात छापून ठिवलंय, सगळ्यांनी वाचलंय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या. ज्या पुस्तकातली एक ओळही मी कधी खरी मानली नाही, त्या पुस्तकापुढे माझं कोणी ऐकेना. पिचरने तर जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सभा उठल्यावर मी काकींना भेटायला घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, “काकी, मी तिथे बोललो ते खरं आहे.”

“मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

“मग तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?”

“ते बोलू द्यायचे न्हाईत. म्हनायचे, त्यो सोता सांगंल, वाईच टाइम दे त्याला.” त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. “लई वर्सं वाट बघितली. मग गेल्या साली म्हनले, आता इचारूनच येतो.”

“दुसऱ्या आवृत्तीचं?”

“कसली दुसरी आवृत्ती? पयलीच पुस्तकं कॉटखाली पडल्याती. तुमाला इचारायला कायतरी निमित्त पायजे म्हनून गेल्ते.” त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “आले, हातपाय धुतले आन बसले. म्या इचारलं, काय म्हनलं पोरगं? तर म्हनले, तसंच ठिवा म्हनला.”