खऱ्या पुराची रंगीत तालीम

दौलतराव मोहित्यांचे पणजोबा होळकरांच्या कोठाराच्या दारावर पहारा द्यायचे. पणतू वॉर्डाच्या आपत्ती कक्षाच्या कोठारावर बसला, म्हणजे घराण्यात तसं काही बिघडलं नव्हतं. फरक एवढाच, की पणजोबांच्या हातात भाला असे आणि दौलतरावांच्या हातात सरकारी अनुदानाच्या नियमांची बेचाळीस पानी पुस्तिका. त्यातल्या त्यात भाला बरा, तो एकदाच लागतो.

कोठारात अनुदानातून आलेली रबरी होडी होती, पाणी उपसायचा पंप होता, दोऱ्या होत्या, शिट्ट्या होत्या. सगळं नवंकोरं, कारण नियमच तसे. वस्तू विकत घ्यायला अनुदान चालायचं, वापरायला नाही. पंप घ्या, पेट्रोल त्यात बसत नाही. होडी बाहेर काढायची तर वरच्या कार्यालयाने आधी आपत्ती जाहीर करायला हवी, आणि एका गल्लीत पाणी शिरलं तर ती आपत्ती नव्हे, ती त्या गल्लीची अडचण. एकच पळवाट होती, मॉकड्रिल. म्हणजे संकटाची रंगीत तालीम. तिला होडी चालायची, पेट्रोल चालायचं, वर माणशी एक प्लेट पोहेसुद्धा चालायचे. इंदुरात पोह्यांशिवाय तालमीला तरी कोण येतो.

एकतीस वर्षांत दौलतरावांनी एकही कागद नियमाबाहेर जाऊ दिला नव्हता. लोक पाठीमागे हसायचे, पण घोडं अडलं की त्यांच्याच टेबलाशी यायचे. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

सप्टेंबरातल्या एका सकाळी नऊ वाजता सुलोचनाबाईंचा फोन आला. दौलतरावांच्या वारलेल्या मित्राची, दिवाकरची बायको. नाल्याकाठच्या गल्लीत तळमजल्यावर राहायच्या आणि तीन शिलाई मशिनींवर लग्नाचे ब्लाउज शिवून स्वतःचं आणि सासूचं पोट भरायच्या.

"भाऊजी, नाला घरात घुस गया. कमरेइतकं पाणी आहे. सासूबाईंना पलंगावर टेबल ठेवून वर बसवलंय. जल्दी कुणाला तरी पाठवा ना."

दौलतरावांनी वर फोन लावला. उत्तर आलं, प्रस्ताव पाठवा, साहेब बारानंतर बघतील. सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, चौऱ्याऐंशीच्या. साहेबांची वाट बघतील, पण पाणी थोडंच बघणार. दौलतराव मिनिटभर पुस्तिकेकडे पाहत बसले. मग उठून त्यांनी कपाटातून मॉकड्रिलचा बॅनर काढला आणि ड्रायव्हर अंकुरला म्हणाले, "जीप निकाल. आपण तालीम करतोय."

"बाबूजी, तिकडे तो सच्ची में पानी है."

"मग तालीम चांगली होईल. पेट्रोल भर."

बॅनर विजेच्या खांबाला बांधला, होडी दारात लावली. नियमाप्रमाणे प्रत्येक टप्प्याचा फोटो हवा होता. द्वारकाबाई होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ओरडत होत्या, "दौलत, मेल्या, मी बुडतेय आणि तू फोटो काय काढतोस?" दोघी सुखरूप बाहेर आल्या. पंप दुपारपर्यंत चालला. मशिनी मात्र तीन तास पाण्याखाली राहिल्या, आणि ब्लाउजांचे रंग एकमेकांत उतरून सगळ्या नवऱ्या मुली एकाच रंगाच्या झाल्या. पोहे खाल्ल्यावर दौलतरावांनी तालमीचा छापील नमुना पुढे केला. 'मी बाधित व्यक्तीची भूमिका स्वखुशीने केली. प्रत्यक्षात माझे काहीही नुकसान झालेले नाही.' ज्याने पाण्यातून ओढून काढलं त्याचा कागद कोण वाचून बघतं? सुलोचनाबाईंनी ओल्या हाताने सही केली.

अहवाल वर गेला आणि वरच्यांना भलताच आवडला. सर्वोत्तम तालमीचं प्रशस्तिपत्र आलं. खाली शेरा होता, 'वृद्ध महिलेचा अभिनय विशेष नैसर्गिक.' सांगायला वाईट वाटतं, पण दौलतरावांनी ते राजवाड्याजवळून चांगली फ्रेम करून आणलं.

पंधरा दिवसांनी सुलोचनाबाई दफ्तरात आल्या. नुकसानभरपाईचा अर्ज परत आला होता. त्या दिवशी त्या गल्लीत पूर नव्हता, तालीम होती. सोबत अर्जदाराचीच सही जोडली होती.

"दुसऱ्या कुणाची सही असती तो लड़ लेती," त्या म्हणाल्या. "मशिनी गंजल्या, भाऊजी. शिवायला काहीच नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी दौलतरावांना जेवण गेलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि फ्रेम त्यांनी भिंतीवरून उतरवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं खरं लिहून काढलं आणि शिखा मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, कक्षाच्या अधिकारी. वाचून त्यांनी आधी दार लोटलं.

"सर, ये मत करिए. इन्क्वायरी बसेल, पेन्शन अटकेल. सात महिने राहिलेत, चुपचाप काढा ना."

"पुस्तिका रात्री दोनदा वाचली, मॅडम. खोटं मागे घ्यायचा नियम त्यात नाही."

"तो फिर?"

"म्हणून साध्या कागदावर लिहिलंय."

कागद गेला. चार महिन्यांनी सुलोचनाबाईंचा अर्ज मंजूर झाला. दौलतराव मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला नाही, पेन्शन अडकली, आणि आठवड्याभरात घरी आरोपपत्र आलं. ते वाचून, कागद तसाच हातात घेऊन, पायांत चपला सरकवून दौलतराव नाल्याकाठच्या गल्लीत गेले.

सुलोचनाबाई नव्या मशिनीवर बसल्या होत्या. द्वारकाबाईंनी पलंगावरून विचारलं, "काय लिहिलंय रे?"

त्यांना ऐकू जावं म्हणून सुलोचनाबाईंनी मशीन थांबवली, आणि दौलतरावांनी मोठ्याने वाचलं, "आपण आपत्ती जाहीर झालेली नसताना, तालमीचा बहाणा करून, दोन महिलांना प्रत्यक्ष पुरातून प्रत्यक्ष वाचवले. आरोप मान्य आहे काय?"

एकतीस वर्षांत सरकारने त्यांच्याबद्दल इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं.

"मग त्यात विचारायचंय काय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मान्य लिही."

दौलतरावांनी सुलोचनाबाईंचं पेन मागून घेतलं आणि तिथेच, पलंगाच्या कडेवर कागद ठेवून, लिहिलं.